छळ, काडीमोड आणि मराठी कादंबरीची नायिका

मराठी कादंबरीतील स्त्रीदुःखाचा विचार बहुधा विधवेपाशी सुरू होतो आणि तेथेच थांबतो. बालविवाह, केशवपन, पुनर्विवाह यांची चर्चा इतकी झाली की, जिचा नवरा हयात आहे आणि छळतो आहे, अशा स्त्रीचा प्रश्न मागेच राहिला. कथानकाच्या दृष्टीने मात्र हाच प्रश्न अधिक अवघड होता. विधवेला १८५६ च्या कायद्याने पुनर्विवाहाची वाट, निदान कागदोपत्री, मोकळी करून दिली होती. वरिष्ठ मानलेल्या जातींतील सधवेला तेवढीही वाट नव्हती.

बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटना’त (१८५७) यमुनेला नवे आयुष्य लाभते, परंतु त्यासाठी विनायकाला आधी मरावे लागते, आणि विनायक तर चांगला नवरा. पुढे ती ख्रिस्ती होते व पुन्हा विवाह करते. प्रेमाची दुसरी संधी मृत्यूच्या दारातूनच यावी, असा जणू नियमच येथे घालून दिला गेला.

हरिभाऊंची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रात क्रमशः येऊ लागली. यमूचे केशवपन वाचकांच्या मनावर असे कोरले गेले आहे की, तिच्या मैत्रिणीचा, दुर्गीचा, विसर पडावा. दुर्गीच्या नवऱ्याचे वर्तन हरिभाऊंनी कोठेही सौम्य करून दाखविलेले नाही. परंतु त्याला सोडून दुसरा संसार मांडणे हा विचारच त्या जगात संभवत नाही. यास लेखकाची भीरुता म्हणणे अन्यायाचे होईल. दोनच वर्षांपूर्वी रखमाबाईंचा खटला मिटला होता. नवऱ्याकडे नांदावयास जा, नाही तर सहा महिने कैद भोगा, असा आदेश १८८७ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने त्यांना दिला होता. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, तेव्हा त्या सुटल्या. हे ज्या वाचकांनी वृत्तपत्रांतून वाचले होते, त्यांना दुर्गीची सुटका परीकथाच वाटली असती.

‘हिंदोळ्यावर’ (१९३४) या कादंबरीत विभावरी शिरूरकरांनी ही कोंडी प्रथम जाणीवपूर्वक फोडली. नवऱ्यापासून दुरावलेली अचला नवऱ्याच्या मरणाची वाट पाहत नाही. ती विवाहाबाहेर प्रेम स्वीकारते आणि मातृत्वाचीही इच्छा धरते. टीकाकारांनी येथे नीतीचा वाद मांडला, तो आमच्या मते अस्थानी होता. शिरूरकरांनी, म्हणजे मालतीबाई बेडेकरांनी, हिंदू व्यवहारधर्मशास्त्रावर के. ना. केळकर यांच्यासह आधीच ग्रंथ लिहिला होता. कायदा कोठे संपतो, हे त्यांना नेमके ठाऊक होते. अचलेचे पाऊल त्या सीमेपलीकडे पडते.

पुढे मुंबई प्रांतात १९४७ साली घटस्फोटाचा कायदा झाला व १९५५ साली हिंदू विवाह कायदा आला. तरीही क्रूरतेच्या कारणावरून प्रारंभी केवळ न्यायालयीन विभक्तता मिळे. क्रूरता हे घटस्फोटाचे कारण ठरण्यास १९७६ ची दुरुस्ती यावी लागली.

या इतिहासात एक गोष्ट मात्र खटकते. काडीमोड व पाट या रूढी महाराष्ट्रातील अनेक शेतकरी व कारागीर जातींत पूर्वापार होत्या. खुद्द रखमाबाईंच्या विधवा आईने डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला होता. त्यांच्या सुतार ज्ञातीत त्यास आडकाठी नव्हती. म्हणजे छळणारा संसार मोडून नवा मांडणारी स्त्री कादंबरीकाराच्या गावातच, चार घरे सोडून, नांदत असणे शक्य होते. तिचा निकाल जातपंचायतीत लागे. तेथेही दंड, देणेघेणे, मुलांचा ताबा असे जाच होतेच, आणि पाटाच्या बायकोला लग्नाच्या बायकोचा मान क्वचितच मिळे. परंतु एकोणिसाव्या शतकातील आमच्या प्रमुख कादंबऱ्यांनी ‘हिंदू स्त्री’ म्हणून जी उभी केली, ती प्रामुख्याने पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा वाड्यातली. काडीमोड घेतलेल्या बाईचे मन त्या वाड्याच्या माजघरातून दिसण्याजोगे नव्हते.