कुंचला, पखवाज आणि न निघालेली तबकडी : अरुण कोलटकर

१/ कबनूर असो वा कोल्हापूर, हाती गिटार आणि वहीत चित्रे असलेल्या मुलाला घरचा प्रश्न ठरलेला असतो : ‘यातलं नक्की काय करणार?’ याच जिल्ह्यात जन्मलेल्या एका माणसाने हा प्रश्न आयुष्यभर निकाली काढला नाही. कवी म्हणून तो सर्वांस ठाऊक आहे. चित्रकार आणि रॉक गीतकार म्हणून फार थोड्यांस. #थ्रेड

२/ अरुण कोलटकरांचा जन्म १ नोव्हेंबर १९३१ रोजी कोल्हापुरात झाला. हे गाव बाबूराव पेंटरांचे. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या या कलावंताने पुढे स्वतः कॅमेरा बनवून चित्रपट काढले. एका कलेतून दुसरीत पाऊल टाकणे या मातीला नवे नव्हते.

३/ १९४९ मध्ये कोलटकर चित्रकला शिकू लागले. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधील शिक्षण मध्येच सुटले. पदविका हाती पडली ती १९५७ मध्ये. पुढे जाहिरात हाच चरितार्थ झाला. कर्सी कात्रक यांच्या गाजलेल्या ‘एमसीएम’ या संस्थेत ते कलादिग्दर्शक होते. या क्षेत्रातील ‘कॅग’ पुरस्कार त्यांनी सहा वेळा मिळवला.

४/ चाळिशी गाठलेल्या या यशस्वी चित्रकाराला त्या काळात गाण्याने झपाटले. ब्लूज आणि रॉकचा नाद होताच; शिवाय अर्जुन शेजवळांकडे त्यांनी पखवाजाचे धडे घेतले. इंग्रजीत गीते रचली आणि १९७३ मध्ये साथीदार जमवून काही गाणी ध्वनिमुद्रितही केली. ‘पुअर मॅन’ हे त्यांपैकी एक.

५/ मात्र तबकडी निघाली नाही. मुंबईतील बहुतेक बँड तेव्हा विलायतेतील लोकप्रिय गाणीच वाजवीत. स्वतःची गाणी बांधणाऱ्याला तबकडीपर्यंतची वाट अरुंद होती. रॉक गायक होण्याचा मनसुबा तेथेच थांबला.

६/ पण तो कान वाया गेला नाही. १९७६ मध्ये ‘जेजुरी’ पुस्तकरूपाने आली. कोलटकर ज्याचे एक संस्थापक होते, त्या ‘क्लिअरिंग हाऊस’ने ती काढली; या प्रकाशनाच्या पुस्तकांचे रूप त्यांच्याच हातचे. ‘जेजुरी’त जोंधळ्याच्या शेतात नाचणाऱ्या कोंबड्या-कोंबड्यांची एक कविता आहे. तेथे शब्दच पानावर वरखाली उड्या मारतात. ठेका कानाचा, मांडणी डोळ्याची. या ओळी गवयाच्या की चित्रकाराच्या, हे सांगता येत नाही.

७/ १९७७ मध्ये ‘जेजुरी’ला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार लाभला. त्याच वर्षी प्रास प्रकाशनाने ‘अरुण कोलटकरच्या कविता’ प्रसिद्ध केल्या. २००३ मध्ये ‘भिजकी वही’ आली. तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तोही मरणोत्तर. २५ सप्टेंबर २००४ रोजी कोलटकर गेले. त्यांची इंग्रजी गीते पुस्तकात छापली गेली २००९ मध्ये, ध्वनिमुद्रणानंतर तब्बल ३६ वर्षांनी.

८/ आपण कलावंतांची नोंद यशाच्या खात्यावर करतो. पुरस्कार कवितेला मिळाला, म्हणून माणूस कवी. तबकडी निघाली नाही, म्हणून गाणे बाद. या हिशेबात कोलटकरांचे निम्मे आयुष्य गळून पडते, आणि उरलेल्या निम्म्याचा ठेका कोठून आला हेही कळेनासे होते. न निघालेल्या तबकड्यांनाही कलेच्या इतिहासात जागा हवी, ती एवढ्याचसाठी.