लाखेचा किडा आणि पळस

संस्कृत कोशांत पळसास ‘लाक्षातरु’ असें एक नांव दिलेलें आढळतें. लाखेचें झाड! झाडाचा मान झाला. ज्या किड्यानें लाख केली तो मात्र पडद्याआड राहिला. गफलत साहजिक होती. पळसाच्या सालींतून त्याचा स्वतःचा तांबडा डिंक पाझरतो, फुलांपासून रंग निघतो. मग डहाळीवर जमलेलें तांबूस कवच तरी दुसऱ्या कोणाचें असणार?

अथर्ववेदाच्या पांचव्या कांडांत लाक्षेचें एक सूक्त आहे. जखम भरून आणणारी औषधि म्हणून ऋषि तिला आळवतो. ती ज्या झाडांवरून येते त्यांत पिंपळ, वड, खैर यांच्या जोडीला पर्ण, म्हणजे आपला पळसही आहे. एकच पदार्थ इतक्या भिन्न जातींच्या झाडांवर सांपडावा, ही गोष्ट खरें पाहतां झाडाचा हक्क खोडून काढणारीच होय; पण तो अर्थ उमगावयास फार काळ जावा लागला.

गोव्यांत 1563 सालीं छापलेल्या आपल्या ग्रंथांत गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानें, मधमाशा मध करतात त्याप्रमाणें मुंग्या लाख करतात, असें लिहिलें. मुंगी चुकली, कर्ता झाड नव्हे, एवढें त्यास कळलें होतें. पुढें 1781 सालीं जेम्स कर यानें किड्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. किड्याच्या शास्त्रीय नांवांत आज हा कर आहे. पळसाच्या नांवांत मात्र ब्रिटनचा एक मुख्य प्रधान, ब्यूटचा अर्ल, जाऊन बसला आहे. वनस्पतींचा तो षोकी होता, इतकाच काय तो संबंध!

दोघांचा व्यवहार मोठा एकतर्फी. मादी कोवळ्या डहाळींत सोंड खुपसून एकदां बसली कीं जन्मभर हलत नाहीं. रस झाडाचा, राळ तिची. किड्यावांचून पळसाचें कांहीं अडत नाहीं. माणसाच्या बाजारानें मात्र दोघांस एकाच मापानें मोजलें. 1856 सालीं पर्किननें कृत्रिम रंग शोधल्यावर पळसफुलांचा रंग आणि लाखेचा रंग, दोन्ही हळूहळू मागें पडले. किडा तरला तो राळेवर; ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या तिच्याच होत्या. त्या दिवसांत राळ हातीं यावी म्हणून लाख धुवीत, आणि ज्या रंगासाठीं पूर्वीं परदेशचे व्यापारी पैसे मोजीत, तो धुण्याच्या पाण्याबरोबर वाहून जाई.