एक शहर, दोन वाचक

ग्रंथप्रेमाचा इतिहास सहसा ग्रंथकारांच्या चरित्रांतून सांगितला जातो. कोणी काय लिहिले, कोणास पारितोषिक मिळाले, कोणाच्या किती आवृत्त्या खपल्या, ह्याची नोंद राहते. पण ते पुस्तक वाचकाच्या हाती कोणत्या वाटेने आले आणि ती वाट सर्वांस सारखीच मोकळी होती काय, ह्याची विचारपूस क्वचितच होते. अमेरिकेच्या दक्षिण भागातील साहित्याविषयी बोलताना मात्र हा प्रश्न टाळून पुढे जाताच येत नाही. विल्यम फॉकनर, युडोरा वेल्टी, रिचर्ड राइट, झोरा नील हर्स्टन, हार्पर ली अशी एकाहून एक सरस नावे ज्या प्रदेशाने जगाला दिली, त्याच प्रदेशात ग्रंथालयात जाऊन पुस्तक मागण्याचा अधिकार दीर्घकाळ कातडीच्या रंगावरून ठरत असे.

ह्या प्रदेशाची पूर्वपीठिका मराठी वाचकांस अगदीच अपरिचित नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील ज्या सज्जनांस अर्पण केला, त्यांनी गुलामांच्या मुक्ततेसाठी केलेल्या कार्याबद्दलची ती कृतज्ञता होती. गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली हे खरे. परंतु पुढील काही दशकांत दक्षिणेतील राज्यांनी नवे कायदे करून गोऱ्यांच्या व काळ्यांच्या शाळा, आगगाडीचे डबे, पाण्याचे नळ आणि ग्रंथालयेही वेगळी केली. वेगळी म्हणावयाची एवढेच. पुष्कळ गावी काळ्या लोकांसाठी ग्रंथालय म्हणून काही नव्हतेच.

मिसिसिपी राज्याची राजधानी जॅक्सन हे असेच एक शहर. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या आरंभी ह्या शहरात दोन मुले जवळजवळ एकाच वयाची होती. युडोरा वेल्टी हिचा जन्म १९०९ सालचा, तर रिचर्ड राइट याचा १९०८ सालचा. दोघांनाही वाचनाचे विलक्षण वेड होते. दोघांनीही १९२५ साली ह्याच शहरातील आपापली शाळा पुरी केली, आणि दोघेही पुढे लेखक म्हणून जगास माहीत झाले. परंतु एकाच शहरातील ह्या दोन बालपणांमध्ये जे अंतर होते, ते मैलांनी मोजण्यासारखे नव्हते.

युडोराचे घर पुस्तकांनी भरलेले होते. तिच्या आईला डिकन्स अत्यंत प्रिय. एकदा घराला आग लागली असता ही बाई आत शिरली आणि डिकन्सचे चोवीसच्या चोवीस खंड तिने खिडकीतून बाहेर फेकून वाचविले, अशी आठवण युडोराने पुढे लिहून ठेविली आहे. मुलगी नऊ वर्षांची झाली तेव्हा आईने तिला सार्वजनिक ग्रंथालयात नेले आणि हिला हवे ते पुस्तक वाचावयास द्यावे, असे ग्रंथपाल बाईंस सांगितले. अपवाद फक्त एका भाविक बालकथामालेचा. तिची नायिका पियानो वाजविता वाजविता मूर्च्छा येऊन बैठकीवरून खाली पडते. आपली हळवी मुलगी तिचे अनुकरण करावयाची, ही आईला धास्ती! ग्रंथपाल कॅलोवेबाई मोठ्या करड्या शिस्तीच्या होत्या. एका वेळी दोनच पुस्तके मिळावयाची, आणि नेलेली पुस्तके त्याच दिवशी परत घ्यावयाची नाहीत, असा त्यांचा नियम. युडोरा पायांना चाकांचे बूट बांधून राज्याच्या विधानभवनाच्या संगमरवरी फरशीवरून ग्रंथालय गाठी आणि घरी येताच पुस्तके संपवून उद्याची वाट पाही. तिच्या तक्रारीचा विषय एवढाच की, दोन पुस्तके फार थोडी होतात.

त्याच शहरात रिचर्डची आजी कादंबरी-कथांस सैतानाची करणी समजत असे. आजीच्या घरी राहावयास आलेल्या एका तरुण शिक्षिकेने ह्या मुलाला एकदा एक अद्भुत कथा सांगावयास घेतली. मुलगा देहभान हरपून ऐकत असतानाच आजीने येऊन ती बंद पाडली. कथेचा शेवट राहून गेला, पण गोडी लागली ती कायमची. पुढे गोष्टींची पुरवणी वाचावयास मिळावी म्हणून तो बाहेरगावचे एक वर्तमानपत्र काळ्या वस्तीत विकू लागला. पुरवणीच्या पलीकडे त्याने पाहिलेच नव्हते. एके दिवशी शेजारच्या एका गृहस्थाने त्याला मूळ पत्र उघडून दाखविले. त्यात काळ्या लोकांचा द्वेष करणाऱ्या संघटनेचाच प्रचार भरलेला होता! मुलाने पत्र विकणे त्याच दिवशी सोडले, आणि गोष्टीही सुटल्या. शहरात ग्रंथालय होते. पण ज्या दारातून युडोरा रोज आत जाई, ते त्याच्यासाठी नव्हते.

शाळा संपताच रिचर्ड शेजारच्या टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरी गेला आणि चष्म्यांच्या भिंगांच्या एका कारखान्यात हरकाम्या म्हणून राहिला. तेथे त्याच्या आयुष्याला वळण मिळाले ते एका शिवीगाळीने, असे म्हटले तरी चालेल. उत्तरेतील प्रख्यात टीकाकार एच. एल. मेंकेन यांनी १९१७ साली लिहून १९२० मध्ये आपल्या पुस्तकात समाविष्ट केलेल्या एका निबंधात दक्षिणेस कलाविद्येचे वाळवंट ठरविले होते. दक्षिणेतील गोऱ्या संपादकांचा त्यांच्यावर भारी राग. १९२७ साली मेम्फिसच्या एका वर्तमानपत्रात मेंकेन यांच्यावरील जहरी टीका रिचर्डच्या वाचनात आली. दक्षिणेतील गोऱ्यांनी काळ्या मनुष्याखेरीज आणखी कोणाचा एवढा तिरस्कार करावा, ह्याचेच त्याला नवल वाटले. हा माणूस आहे तरी कोण, हे जाणून घ्यावयास त्याची पुस्तके हवीत. आणि पुस्तके तर ग्रंथालयात.

कारखान्यात एक आयरिश कॅथलिक गृहस्थ होता. त्याच्या धर्मामुळे इतर गोरे त्याला तुच्छ लेखीत. रिचर्डने बिचकत बिचकत त्याच्यापाशी गोष्ट काढली. त्या गृहस्थाने आपले ग्रंथालयाचे कार्ड त्याला वापरावयास दिले. ह्यापूर्वी रिचर्ड गोऱ्यांची पुस्तके आणावयास निरोप्या म्हणून तेथे गेलेला होताच. आता त्याने त्या गृहस्थाच्या नावाने एक चिठ्ठी स्वतःच लिहिली, आणि शंका येऊ नये म्हणून तीत स्वतःचा उल्लेख गोरे लोक करीत तशाच अपमानकारक शब्दाने केला. ग्रंथपाल बाईने संशयाने विचारले, ही पुस्तके तूच तर वाचणार नाहीस ना? त्याने उत्तर दिले की, आपल्याला वाचताच येत नाही.

पुस्तक मिळावे म्हणून वाचकाला आपण निरक्षर आहोत असे सांगावे लागले! ग्रंथप्रेमाच्या इतिहासात ह्याहून कडू प्रसंग विरळा. त्या रात्री तो मेंकेन वाचीत बसला. शब्द हे शस्त्रासारखे वापरता येतात, हा शोध त्याला तेव्हा लागला. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याने दक्षिण सोडली. १९४० साली त्याची ‘नेटिव्ह सन’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली, आणि घरोघर पुस्तके पाठविणाऱ्या अमेरिकेतील सर्वांत मोठ्या ग्रंथमंडळाने ती आपल्या सभासदांसाठी निवडली. १९४५ सालच्या ‘ब्लॅक बॉय’ ह्या आत्मकथनात त्याने ह्या कार्डाची हकीगत सांगितली. ज्याच्यासाठी दार बंद होते, त्याचे पुस्तक आता ज्यांच्यासाठी दार उघडे होते त्यांच्या घरांत जाऊन पोहोचले.

वाचकाचे प्रेम नेहमी डोळस असतेच असे मात्र नाही. १९३६ साली प्रसिद्ध झालेली मार्गारेट मिचेल यांची ‘गॉन विथ द विंड’ वर्ष संपण्यापूर्वीच दहा लाखांवर खपली. गुलामांच्या श्रमावर उभ्या असलेल्या जीवनाचे ते मोहक स्वप्न होते, आणि गोऱ्या दक्षिणेने त्यास उराशी धरले. १९३९ च्या डिसेंबरात अटलांटा शहरी त्या कथेवरील चित्रपटाचा पहिला खेळ झाला, तेव्हा साऱ्या शहराने उत्सव केला. त्या चित्रपटात दाईची भूमिका करणाऱ्या हॅटी मॅकडॅनियल ह्या काळ्या अभिनेत्रीला मात्र त्या खेळास उपस्थित राहता आले नाही. पुढच्याच वर्षी त्या भूमिकेसाठी तिला ऑस्कर पारितोषिक मिळाले. ज्या कथेवर शहर लुब्ध झाले होते, तिच्यातील एका जिवंत पात्राला त्या शहराच्या नाट्यगृहात जागा नव्हती.

उलटपक्षी, एकाच डोळस वाचकाचे प्रेम विसरलेल्या ग्रंथकारास परत आणू शकते. विल्यम फॉकनर हे मिसिसिपीतीलच. १९४५ च्या सुमारास त्यांची जवळजवळ सर्व पुस्तके बाजारातून नाहीशी झाली होती. मॅल्कम काउली ह्या समीक्षकाने त्यांच्या लेखनातील निवडक भाग क्रमवार लावून १९४६ साली एक संग्रह काढला, आणि वाचकांस त्या विखुरलेल्या कथांमागील एकसंध जग प्रथमच दिसले. १९४९ सालचे नोबेल पारितोषिक फॉकनर यांस मिळाले.

झोरा नील हर्स्टन यांची कथा अधिक करुण आहे. फ्लोरिडातील काळ्या लोकांच्या एका गावात त्या वाढल्या. त्या लोकांची बोली, त्यांचे विनोद आणि लोककथा त्यांनी मोठ्या जिव्हाळ्याने जमविल्या. १९३७ साली त्यांची ‘देअर आईज वेअर वॉचिंग गॉड’ ही कादंबरी निघाली. तिच्यावर कठोर टीका करणाऱ्यांत खुद्द रिचर्ड राइट होता. तिच्यात विषय नाही व संदेशही नाही, असे त्याचे मत पडले. हळूहळू पुस्तक मागे पडले. १९६० साली हर्स्टन वारल्या, तेव्हा अंत्यविधीसाठी वर्गणी गोळा करावी लागली. त्यांचे कागदपत्र जाळले जात असता त्यांच्या ओळखीच्या एका पोलीस अधिकाऱ्याने आग विझवून जे वाचले ते वाचविले. थडग्यावर दगडसुद्धा नव्हता.

तेरा वर्षांनी, १९७३ च्या ऑगस्टात, एक तरुण लेखिका त्या गावी आली. तिचे नाव ॲलिस वॉकर. आणि त्या काळी तिचे वास्तव्य जॅक्सन शहरातच होते. लोकांनी माहिती द्यावी म्हणून तिने आपण हर्स्टन यांची भाची असल्याचे सांगितले. रानटी गवत माजलेल्या स्मशानात चाचपडत तिने जागा अदमासाने ठरविली आणि तेथे दगड बसविला. त्यावर कोरलेले जन्मवर्ष दहा वर्षांनी चुकलेले आहे. हर्स्टन स्वतःचे वय कमी करून सांगत असत. १९७५ साली वॉकर यांनी ह्या शोधावर लेख लिहिला, आणि १९७८ साली इलिनॉय विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने ती कादंबरी पुन्हा छापली. तेव्हापासून तिचा वाचकवर्ग वाढतच गेला. रिचर्डने ग्रंथपालास खोटे सांगितले, आणि वॉकर यांनी गावकऱ्यांस. दोन्ही असत्ये पुस्तकावरील प्रेमापोटीच जन्मलेली होती.

पुन्हा जॅक्सनकडे वळावयाचे, तर तेथील दार उघडले ते सहजासहजी नव्हे. २७ मार्च १९६१ रोजी शहरानजीकच्या टूगालू कॉलेजातील नऊ काळे विद्यार्थी मुख्य ग्रंथालयात गेले. त्यापूर्वी ते काळ्या लोकांच्या वेगळ्या शाखेत गेले होते, आणि तेथे नसलेली पुस्तके त्यांनी मुद्दाम मागितली होती. मुख्य ग्रंथालयात शिरून त्यांनी पुस्तके घेतली आणि ते शांतपणे वाचीत बसले. पोलिसांनी त्यांना निघून जाण्यास सांगितले. ते उठले नाहीत, तेव्हा त्यांना अटक झाली. प्रत्येकास शंभर डॉलर दंड व तहकूब ठेवलेली तीस दिवसांची कैद झाली. रिचर्डने जे चोरून केले, तेच ह्या नऊ जणांनी चौतीस वर्षांनंतर उघड्यावर बसून केले.

ह्या विद्यार्थ्यांच्या पाठीशी मेडगर एव्हर्स हे पुढारी होते. १२ जून १९६३ च्या रात्री त्यांच्या घरासमोरच गोळी झाडून त्यांचा खून झाला. ती वार्ता समजताच युडोरा वेल्टी यांनी त्याच रात्री बसून एक कथा लिहिली. कथा सांगणारा स्वतः खुनीच. मारेकरी तेव्हा सापडलेला नव्हता; पण ज्या गावात आपण जन्म काढला, तेथील अशा माणसाचे मन आपल्याला ठाऊक आहे, असे त्यांस वाटले. कथा छापावयाच्या आत एका माणसास अटक झाली, आणि ती इतकी वास्तवाजवळ पोहोचलेली निघाली की प्रसिद्धीपूर्वी तिच्यातील तपशील बदलावे लागले. लहानपणी हवे ते पुस्तक मिळालेल्या वाचकाने वाचनातून काय कमावले, त्याचे हे एक उत्तर म्हणता येईल.

पुढे जॅक्सन शहराने आपल्या मुख्य ग्रंथालयास युडोरा वेल्टी यांचे नाव दिले. रिचर्ड राइट यांचे नावही त्याच शहरातील ग्रंथालयाच्या एका शाखेस दिले गेले. ज्या मुलाला एके काळी परक्याचे कार्ड आणि परक्याच्या नावाची चिठ्ठी घेऊन, आपल्याला वाचता येत नाही असे सांगावे लागले होते, त्याचे नाव दारावर लागले. आणि त्या दारातून आत जाणाऱ्या मुलास कोणाचीही चिठ्ठी आणावी लागली नाही.