डबक्याची बखर

नरकचतुर्दशीची पहाट. अंगाला उटणे लावून झालेले असते, न्हाणीत कढत पाण्याचे तांबे अंगावर ओतले जात असतात, बाहेर मुलांचे पहिले फटाके वाजत असतात. अशा मंगल वेळी मोरीतून वाहून जाणारे पाणी पुढे कुठे जाते, हा प्रश्न कोणाच्या मनात येत असेल, असे वाटत नाही. माझ्याही मनात तो चाळीस वर्षे आला नव्हता. तो आणून दिला एका म्हातारीने.

घडले ते असे. आमच्या गावाच्या उताराला, शाळेच्या पिछाडीस, सांडपाण्याचे एक डबके होते. गावची गटारे तिथे येऊन थांबत. पाणी हिरवेगार, वर डास, आणि चैत्र-वैशाखात असा वास की वर्गाच्या खिडक्या लावून घ्याव्या लागत. मास्तर म्हणून मी ग्रामसभेत उभा राहिलो आणि हे डबके बुजवावे म्हणून चांगला अर्धा तास बोललो. टाळ्या पडल्या. दोन महिन्यांत मुरूम येऊन पडला, डबके बुजले आणि चर खणून गटाराचे तोंड ओढ्याकडे वळवले गेले. मुलांना मैदान मिळाले. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

पुढच्या पावसाळ्यानंतर खालच्या वाडीची एक म्हातारी शाळेच्या पायरीवर येऊन बसली. तिचा नातू माझ्या वर्गातला. पंधरा दिवस काविळीने अंथरुणाला खिळलेला. वाडीची पिण्याची विहीर ओढ्याच्या अगदी काठाला.

"गुरुजी," ती म्हणाली, "डबकं तुमी बुजिवलं, पर घाण बुजती व्हय? ती आमच्या वड्याला आली की वो."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरे झाले असते. "बघतो आजी, काय करता येतं ते," एवढेच मी पुटपुटलो. पोराची कावीळ त्याच पाण्याने आली, हे कोणी सिद्ध केलेले नाही. पण मला त्या रात्री झोप लागली नाही.

मी काही इंजिनियर नव्हे. मॅट्रिकला रसायनशास्त्रात काठावर पास झालेला आणि पुढे कादंबऱ्या लिहिण्याच्या नादी लागलेला माणूस. तरीही तालुक्याच्या वाचनालयातून आणि ओळखीच्या एका अभियंत्याकडून पुस्तके आणून मी वाचू लागलो. आणि पाहतो तो, ज्याला मी डबके म्हणून हिणवले होते, त्याला चांगला इतिहास होता!

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात सँटा रोझा नावाचे गाव आहे. १९२४ साली तिथल्या कारभाऱ्यांनी शुद्धीकरणाच्या यंत्रणेचा खर्च वाचवण्यासाठी मैलापाणी खडीच्या थरावर सोडले. खडीतून ते आपोआप गाळले जाईल, असा हिशेब. पण खडी गच्च भरून गेली, पाणी झिरपेना, आणि वर तीनेक फूट खोल तळेच साचले. फजिती झाली म्हणायची! परंतु तळ्यातून बाहेर पडणारे पाणी पाहिले, तर ते एखाद्या बांधीव यंत्रणेतून निघावे तितके सुधारलेले. चार वर्षांनी, १९२८ साली, उत्तर डाकोटातल्या फेसेनडेन गावाने जवळ सोयीची नदी नाही म्हणून आपले सांडपाणी माळावरच्या एका खळग्यात सोडले. तिथेही तोच अनुभव. अखेर १९४८ साली त्याच राज्यातल्या मॅडॉक या लहानशा गावी असे तळे मुद्दाम आखून खणले गेले. गरिबांच्या अडचणीतून निघालेली युक्ती अशी शास्त्राच्या पंगतीला बसली.

या तळ्यात घडते काय? पाण्यातले सूक्ष्म जंतू घाण खाऊन तिचे विघटन करतात. त्यांना प्राणवायू लागतो. तो पुरवते शेवाळ. आणि शेवाळाला जे खाद्य लागते, ते जंतू मागे टाकतात. वरून ऊन. एकाचे उष्टे ते दुसऱ्याचे ताट, असा हा संसार. अट एवढीच की तळे फार खोल नसावे, मीटर-दीड मीटर पुरे. आणि पाण्याला आत पुरेसे दिवस थांबू द्यावे. आपल्याकडे तर ऊन फुकटचे. नागपुरात १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था निघाली. १९७४ पासून आपण तिला 'नीरी' म्हणून ओळखतो. भारतातल्या हवेत अशी तळी कशी आखावीत, बांधावीत आणि चालवावीत, यावर या संस्थेने १९७० साली पुस्तकच काढले. म्हणजे माझ्या जन्माआधी नागपुरात छापून झालेली गोष्ट मला ठाऊक नव्हती, आणि मी अर्धा तास भाषण ठोकले होते! आमचे डबके वेडेवाकडे होते, निगा नसलेले होते. पण घाण तिथे काही दिवस थांबत होती. तो मुक्कामच मी मोडून टाकला.

मात्र तळ्याचे गुण गाताना त्याची खोडही सांगितली पाहिजे. जे शेवाळ पाणी सुधारते, तेच पाण्याबरोबर बाहेर पडते. अमेरिकेत १९७२ साली नद्यांच्या रक्षणाचा कडक कायदा झाला आणि सोडायच्या पाण्यात लिटरमागे सरासरी ३० मिलिग्रॅमहून अधिक तरंगता गाळ नसावा, असे माप ठरले. गावोगावची तळी शेवाळापायी या परीक्षेत नापास होऊ लागली. तेव्हा १९८४ साली त्यांच्यासाठी थोडे सैल माप काढावे लागले. शिवाय रोगजंतूंपैकी काही तळ्यातूनही निसटतात. मग शेवटी एखादी बारीक गाळणी लावता आली तर?

या गाळणीची कथा आणखी जुनी. १७४८ साली फ्रान्समध्ये नोले नावाच्या एका धर्मगुरूने मद्यार्काच्या भांड्याच्या तोंडाला डुकराचे मूत्राशय ताणून बांधले आणि ते पाण्यात बुडवले. पाणी त्या पापुद्र्यातून आत शिरले आणि पापुद्रा टम्म फुगला. पापुद्रा एकाला वाट देतो आणि दुसऱ्याला अडवतो, हे तिथे दिसले. पुढे दोन शतकांनी कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि आपले श्रीनिवास सौरिराजन या जोडीने १९६०च्या सुमारास सेल्युलोज ॲसिटेटचा असा कृत्रिम पापुद्रा बनवला की, खारे पाणी त्यातून दाबाने ढकलले असता गोडे पाणी कामापुरत्या वेगाने बाहेर यावे. कोलिंगा नावाच्या ज्या गावी एकेकाळी पिण्याचे पाणी आगगाडीने आणावे लागे, तिथे १९६५ साली या पद्धतीचा पहिला कारखाना चालू झाला.

सांडपाण्याला इतकी घट्ट वीण लागत नाही. १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत सांडपाण्याच्या टाकीला पापुद्र्याची जोड देऊन पाहिली गेली. पण पाणी जोराने फिरवण्यात वीज फार जाई. १९८९ साली जपानात यामामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोपी वाट काढली. पोकळ धाग्यांचे जुडगेच टाकीत बुडवायचे आणि धाग्याच्या आतून पाणी हलकेच ओढून घ्यायचे. या पापुद्र्यांची छिद्रे साधारण ०.०४ ते ०.४ मायक्रॉनची. आपला केस सुमारे ७० मायक्रॉन जाड, आणि जंतू एखादा मायक्रॉन. तेव्हा जंतू आणि शेवाळ बाहेरच राहतात. काविळीचा विषाणू मात्र ०.०३ मायक्रॉनच्या घरातला. तो पुष्कळसा गाळात अडकतो; पण त्याचा भरवसा धरू नये. म्हणून गाळल्यावरही क्लोरीनची मात्रा हवीच. हे वाचले तेव्हा मला तो पोरगा आठवला.

आणि या गाळणीचा वैरी कोण? सँटा रोझाच्या खडीला जो रोग झाला, तोच. छिद्रे बुजतात. शेवाळ तर त्यांत पटाईत. खालून हवेचे बुडबुडे सोडावे लागतात, क्लोरीनच्या द्रावाने आणि सायट्रिक आम्लाने अधूनमधून धुवावे लागते. म्हणजे वीज हवी, पैसा हवा, आणि रोज तिकडे फेरी मारणारा जाणता माणूस हवा.

२०१९ साली घरोघर नळ देण्याची योजना देशभर सुरू झाली. नळ आला की मोरीही वाहती होते. आमच्याकडेही गटाराचे पाणी वाढले. तेव्हा मी पुन्हा ग्रामसभेत उभा राहिलो. या खेपेला भाषण लहान होते. "मी चुकलो," हे सांगायला अर्धा तास लागत नाही. कोणी हसले, कोणी मान खाली घातली. मग मी तळ्यांविषयी सांगितले. अभियंत्याने पापुद्र्याच्या गाळणीचा खर्च मांडला, तेव्हा एका शेतकऱ्याने विचारले, "आन् लाईट गेल्यावर?" प्रश्न अडाण्याचा नव्हता. गाळणी थांबली तरी पाणी मागे थांबवून धरायला तळे पाहिजेच, हे त्याने एका वाक्यात सांगितले होते.

गावाने ठरवले ते असे. गायरानात, वाडीच्या विहिरीपासून दूर, दोन उथळ तळी खणायची. पाणी एकातून दुसऱ्यात आणि मग शेताला. दुसऱ्या तळ्याच्या तोंडाशी गाळणीसाठी जागा मोकळी ठेवायची. वीज आणि माणूस यांची खात्री होईल, त्या दिवशी ती बसेल. वाडीच्या विहिरीत तोवर नेमाने ब्लीचिंग पावडर.

तळी झाली. गेल्या दिवाळीत म्हातारी फराळाचे ताट घेऊन घरी आली. तिच्यामागे तो नातू, पूर्वीसारखाच अवखळ. मी तिला तळी पाहिलीत का, म्हणून विचारले. "बघितली," ती म्हणाली, "हिरवी हायती. पर आता तुमी बुजवू नगा."

वाचकहो, यंदा अभ्यंगस्नान आणि फराळ आटोपला, की एकदा आपल्या मोरीच्या पाण्यामागून चालत जा. ते कुठे थांबते, आणि थांबत नसेल तर कोणाच्या दारी पोचते, एवढे पाहून या.