हौगांगचे अंगण: लहान मुलांच्या कमी खर्चाच्या खेळांचे विवेचन

लहान मुलांबरोबर थोड्या पैशांत वेळ कसा घालवावा, या प्रश्नाला बहुधा ठिकाणांची यादी हे उत्तर मिळते. यादीतली ठिकाणे चांगलीच असतात, पण तिकीट हा खर्चाचा एक भाग झाला. तीन-चार वर्षांचे मूल घेऊन बाहेर पडणाऱ्या कुटुंबाचे पैसा, प्रवास, तयारी आणि मोठ्यांचे लक्ष असे चार प्रकारचे खर्च होतात. सिंगापूर बेटाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या मोफत बागेत जायचे तर पैसे लागत नाहीत. मात्र येण्याजाण्यात बराच वेळ जातो, बाबागाडी, बाटल्या, कपड्यांचा जोड सांभाळावा लागतो आणि परतताना झोपलेले मूल खांद्यावर असते. अशी सहल महिन्यातून एकदा सुखाची वाटते. मुलाचे महिन्यातून एकदा भागत नाही. तीच घसरगुंडी, तीच गोष्ट, तोच दगड त्याला पुन्हा पुन्हा हवा असतो, कारण या वयातले शिकणे त्या पुनरावृत्तीतूनच होते. म्हणून एखादा खेळ स्वस्त आहे की नाही हे ठरवताना मी एकच प्रश्न विचारीन: हाच खेळ उद्या पुन्हा करता येईल का?

या कसोटीवर हौगांग पाहण्यासारखे आहे. सिंगापूरच्या ईशान्येची ही वसाहत मुख्यतः एचडीबीच्या, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, उंच इमारतींची. कोवान, हौगांग आणि बुआंगकोक ही तिच्या भागातली मेट्रो स्थानके. मराठी कुटुंब इथे बहुधा भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. फ्लॅटला अंगण नसते आणि आजी-आजोबा वर्षातून काही आठवडेच येतात.

आधी वेळेचा विचार करू, कारण इथला सूर्य घड्याळाशी जुळत नाही. हौगांग साधारण १०४ अंश पूर्व रेखांशावर आहे. त्या हिशेबाने घड्याळ ग्रिनिचच्या सात तास पुढे असायला हवे, प्रत्यक्षात ते आठ तास पुढे आहे. १ जानेवारी १९८२ पासून सिंगापूरने ही वेळ धरली. विषुववृत्त जवळ असल्याने दिवस वर्षभर जवळपास सारखाच राहतो आणि सूर्य सकाळी व संध्याकाळी सातच्या सुमारास उगवतो-मावळतो. म्हणजे कचेरीतून साडेसहाला घरी पोचलेल्या आईला किंवा बाबाला बाराही महिने अर्धा तास उजेड मिळतो आणि तोही ऊन उतरलेला. पुण्यात डिसेंबरमध्ये सहा वाजता दिवस मावळतो, ती अडचण इथे नाही. रोजच्या खेळाचा पाया मी या अर्ध्या तासावर ठेवीन.

एवढ्या वेळात लिफ्टने खाली उतरणे जमते. इमारतीखालच्या मोकळ्या तळमजल्याला इथे व्हॉइड डेक म्हणतात. वर छत, चारही बाजूंनी वारा, काही बाके, एखादे दगडी टेबल, कधी लग्नाचा किंवा अंत्यविधीचा मांडव. चेंडू खेळू नये अशा पाट्या बऱ्याच ठिकाणी असतात, त्यामुळे शांत खेळच शोधावे लागतात. मला सर्वांत आवडणारा खेळ म्हणजे डबाभर पाणी आणि रंगकामाचा जुना ब्रश. मूल फरशीवर पाण्याने चित्र काढते. उन्हाच्या कडेला ते लवकर उडून जाते, सावलीत रेंगाळते. कुठले आधी नाहीसे होईल याचा अंदाज बांधायला चार वर्षांचे मूल दोन-तीन दिवसांत शिकते. खर्च काही नाही आणि शेजाऱ्यांच्या तक्रारीला जागा नाही.

दुसरा खेळ सागरगोट्यांचा. सिंगापूरमध्ये त्याचा सख्खा भाऊ आहे, फाइव्ह स्टोन्स: तांदूळ किंवा मूग भरलेल्या पाच छोट्या तिकोनी कापडी पिशव्या. जुन्या ओढणीच्या तुकड्यांतून त्या घरी शिवता येतात. एक वर उडवून खालची उचलणे चार वर्षांच्या हाताला जमत नाही. पण पिशव्या मोजणे, मुठीत किती मावतात हे पाहणे, नुसती वर उडवून झेलणे जमते. सुट्टीवर आलेल्या आजीला हा खेळ शिकवावा लागत नाही, आणि शेजारची चिनी किंवा मलय आजीही तो लहानपणी खेळलेली असण्याचा संभव मोठा. भाषा न कळता दोन आज्या एका चटईवर बसू शकतात, हे या खेळाचे मोल मला फार मोठे वाटते.

इथे पालकांची एक गैरसमजूत दूर करायला हवी. खाली गेल्यावर आपले मूल इतरांत मिसळत नाही, बाकाला टेकून बघत राहते, म्हणून ते नाराज होतात. मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकी संशोधिकेने १९३२ मध्ये मुलांच्या खेळाची जी वर्गवारी मांडली, तीत एकट्याने खेळणे, बघत राहणे, शेजारी बसून आपापले खेळणे आणि मग मिळून खेळणे असे प्रकार येतात. दोन-अडीच वर्षांच्या मुलाचे बघणे हा खेळातला सहभागच आहे. त्याला ढकलू नये, शेजारी बसावे.

या खेळांमागचा विचार आपल्याकडे जुना आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. महाग साधनांच्या जागी चिंचोके, शिंपले, पाने, बिया, माती आली. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या त्या गरिबीची आणि हौगांगच्या सुस्थितीची तुलना होणार नाही. पण मुलाच्या पायाखाली जे पडलेले आहे तेच साधन, आणि ते मुलाच्या दारातच असावे, हे सूत्र इथे जसेच्या तसे लागू पडते.

पायाखाली पडलेल्यांत पहिला मान सागाच्या बियांचा. हा साग म्हणजे आपले सागवान नव्हे, इथे सागा म्हणतात ते रतनगुंजेचे झाड. लालभडक, टणक, चपट्या बिया गवतात सापडतात. आपल्याकडे सोनार त्या वजनासाठी वापरत. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर मुलाला त्या ठेवू द्याव्यात आणि एक ग्रॅम व्हायला किती लागतात हे त्यालाच मोजू द्यावे, साधारण चार. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती मात्र त्या देऊ नयेत. घशात अडकण्याची भीती आहे आणि कच्ची बी पोटात जाणेही बरे नाही.

शनिवार-रविवारी एवढे अंगण अपुरे पडते, तेव्हा पुंगोल पार्क. नाव पुंगोल असले तरी ही सुमारे १६ हेक्टरची बाग हौगांगमध्येच आहे. मधोमध तळे, भोवती सपाट वाट. २६ किलोमीटरची ईशान्येची नदीकाठची उद्यान-वाट इथूनच जाते, पण लहान मुलाला २६ किलोमीटर नकोत, दोनशे मीटर पुरतात. त्या दोनशे मीटरांत काय पाहायचे ते ठरवून जावे. सिंगापूरच्या बहुतेक साळुंक्या जावा बेटाच्या जातीच्या आहेत, करड्या-काळ्या, डोळ्याभोवती पिवळा डाग नसलेल्या. आपल्याकडची तपकिरी, डोळ्याभोवती पिवळा डाग असलेली साळुंकी कमी दिसते. ‘डोळ्याजवळ पिवळं आहे का?’ हा एकच प्रश्न घेऊन मूल फेरीभर पक्षी निवडत राहते. एका गुणावरून वस्तू वेगळ्या करणे हे या वयाचे खरे बौद्धिक काम. कोकिळ तर तीच, आपल्या ओळखीची, आणि इथेही कावळ्याच्याच घरट्यात अंडी घालणारी. पर्जन्यवृक्षाची पाने संध्याकाळी मिटू लागली की घरी निघायचे, असा नियम घालून दिला तर रडारड कमी होते. तो नियम झाडाचा असतो, आईबाबांचा नव्हे. काठावर घोरपड दिसली तर लांबूनच पाहावी.

पावसाच्या दुपारी हौगांग मॉलमधले चेंग सान सार्वजनिक ग्रंथालय. आत बसून वाचायला पैसे पडत नाहीत. नागरिक आणि कायम रहिवासी यांना सभासदत्व मोफत आहे, नोकरीच्या पासवर आलेल्यांना पुस्तके घरी नेण्यासाठी वार्षिक शुल्क भरावे लागते. संग्रह मुख्यतः इंग्रजी, चिनी, मलय आणि तमिळ. मराठी पालकाने याने हिरमुसण्याचे कारण नाही. चित्रांचे चिनी पुस्तक घ्यावे आणि गोष्ट आपल्या मराठीत रचावी. अक्षरे वाचता येत नसल्याने बाबा आणि मूल एका पातळीवर येतात, दोघांनाही चित्रावरूनच ठरवावे लागते की या अस्वलाला राग का आला. सिंगापूरच्या शाळांत मातृभाषा म्हणून तमिळखेरीज हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू यांची सोय आहे, मराठीची नाही. मुलाचे मराठी टिकायचे तर ते अशा खेळांच्या बोलण्यातच टिकेल, ही चिंता मला मनापासून आहे.

हौगांग स्ट्रीट २१ वरचा कोवानचा बाजारही मी खेळातच धरतो. भाजी-मासळी घ्यायचीच असते, म्हणून हा खेळ जादा खर्चाचा नाही. इथल्या मलय नावांत तेंगिरी म्हणजे सुरमई, बावल म्हणजे पापलेट, केंबुंग म्हणजे बांगडा. मालवणच्या आजोबांनी नातवाला एकेक मासा दाखवावा, नातवाने विकणाऱ्या मावशीला नाणी मोजून द्यावीत. घरी आल्यावर मटार सोलणे, कणकेचे गोळे करणे हा त्याच खेळाचा पुढचा भाग.

दूरची ठिकाणे आता थोडक्यात. ०.९ मीटरपेक्षा कमी उंचीचे मूल मोठ्यांबरोबर बस-मेट्रोत फुकट जाते, त्याहून उंच पण सात वर्षांखालच्याला त्यासाठी कार्ड मिळते. हौगांगहून दोन स्थानके पुढे सेंगकांग. तिथली २००३ मध्ये सुरू झालेली एलआरटी, म्हणजे छोटी हलकी रेल्वे, चालकाविना उंचावरून गोल फिरते, आणि पुढच्या काचेजवळ उभे राहणे हीच मुलाची सहल. वनस्पती उद्यानातली जेकब बलास बालबाग सर्वांना मोफत आहे. राष्ट्रीय संग्रहालये २०१३ पासून नागरिक व कायम रहिवाशांना मोफत झाली, पासवरच्या मोठ्या माणसाला मात्र तिकीट पडते. ‘मोफत’ असे कोणी सांगितले तर ते कोणाला, हे आधी पाहावे.

राहिला चौथा खर्च, लक्षाचा, आणि त्यात काटकसर चालत नाही. हातात फोन असलेला बाबा बाकावर असतो, खेळात नसतो. दमलेल्या माणसाने तासभर अर्धवट बसण्यापेक्षा वीस मिनिटे पूर्ण द्यावीत आणि मग ‘आता मी बसतो, तू खेळ’ असे सांगून खरोखर बसावे. मुलाला तेही समजते. डिसेंबर-जानेवारीच्या लांब पावसात खाली जाणे जमले नाही, तर न्हाणीघरात बादली, दोन वाट्या, गाळणी आणि कागदी होड्या पुरतात. खेळ संपला की बादली उपडी करून ठेवावी. एडिस डासाला अंडी घालायला नाण्याएवढे साचलेले पाणीही चालते, आणि डेंग्यूच्या तपासणीचे निरीक्षक इथे घरात येऊन पाहतात.