संशोधनाचे बीजधन



संशोधनाला द्रव्यबळ लागते, ही गोष्ट आता कोणाला पटवून द्यावी लागत नाही. परंतु ते द्रव्य कोणत्या क्रमाने मिळते, ह्याचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही. पुष्कळांची समजूत अशी की, आधी मोठे अनुदान मिळावे आणि मग कामास आरंभ करावा. इतिहास पाहिला तर क्रम बहुधा ह्याच्या उलट दिसतो. परका दाता, मग तो सरकार असो, विद्यापीठ असो वा धनिक असो, थोडे तरी काम पाहिल्यावाचून मोठी रक्कम देण्यास धजत नाही. आणि ते पहिले थोडे काम घरच्या किंवा जवळच्या माणसाच्या पैशावर करावे लागते. ह्या पहिल्या पैशाला हल्ली बीजनिधी म्हणतात. ठाणे-कल्याणकडच्या शेतकऱ्याला ही कल्पना नवी नाही. तो प्रथम राब भाजून लहानशा तुकड्यात भाताचे रोप करतो, आणि रोप जोमदार निघाले म्हणजे मग सगळ्या शेतात लावणी करतो.

पहिले उदाहरण ठाण्याचेच घेऊ. मराठी वाङ्मयाचे इतिहासकार विनायक लक्ष्मण भावे ह्यांचा जन्म १८७१ सालचा. १८९३ साली ठाण्यास मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले, त्याच्या संस्थापकांत ते प्रमुख होते. तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. चरितार्थासाठी त्यांचा व्यवसाय मिठागरांचा. जुन्या कवींच्या पोथ्या मिळविणे, त्यांच्या प्रती करविणे, त्या ताडून पाहणे, ह्या कामासाठी त्यांच्यामागे कोणतेही अनुदान नव्हते. खाडीच्या मिठावर मिळविलेला पैसा हेच त्यांचे बीजधन. त्यांचे ‘महाराष्ट्र सारस्वत’ प्रथम १८९८-९९ च्या सुमारास ‘ग्रंथमाले’तून लहान स्वरूपात प्रसिद्ध झाले, आणि १९१९ साली ते पुष्कळ विस्ताराने पुन्हा निघाले. ह्या दोहोंच्या दरम्यान, १९०३ मध्ये, त्यांनी जुन्या काव्यांच्या प्रकाशनासाठी ‘महाराष्ट्र कवि’ हे मासिक काढले. ते काही वर्षेच चालले. अशा कामाला वर्षानुवर्षे द्रव्य पुरविणारी संस्था त्या काळी महाराष्ट्रात उभी राहिलेली नव्हती. रोप उत्तम आले होते. पण ते लावावयास शेत नव्हते.

तशी संस्था पुढे पुण्यात निघाली, आणि तिच्या एका कार्यात बीजधनापासून बाहेरच्या अनुदानापर्यंतचा सारा क्रम स्पष्टपणे पाहावयास मिळतो. ते कार्य म्हणजे महाभारताची चिकित्सक आवृत्ती.

महाभारताच्या पोथ्या प्रांतोप्रांती भिन्न आहेत. त्या सर्व ताडून प्राचीनतम पाठ ठरवावा, ही सूचना विंटरनित्स ह्या पंडिताने १८९७ साली पॅरिस येथील प्राच्यविद्यापरिषदेत मांडली होती. पुढे १९०८ साली जर्मनीतील प्राध्यापक ल्यूडर्स ह्यांनी आदिपर्वाच्या पहिल्या ६७ श्लोकांचा एक छापील नमुना तयार करून कोपनहेगनच्या परिषदेपुढे ठेविला. तथापि १९१४ साली महायुद्ध पेटले आणि ती योजना तेथेच राहिली.

पुण्याची भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था ६ जुलै १९१७ रोजी स्थापन झाली. दुसऱ्याच वर्षी औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांनी महाभारताची सचित्र व चिकित्सक आवृत्ती काढण्याची विनंती संस्थेस केली आणि त्यासाठी एक लाख रुपये देऊ केले. औंध हे लहानसे संस्थान. त्या मानाने ही देणगी फार मोठी. ती एकरकमी न देता दरसालच्या हप्त्यांनी द्यावयाची होती. ज्याला पुढच्या वर्षीचा हप्ता घ्यावयाचा आहे, त्याला चालू वर्षाचे काम दाखविण्याची सवय लागते, आणि ही सवय पुढे परक्या दात्यांशी व्यवहार करताना उपयोगी पडते.

१ एप्रिल १९१९ रोजी डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांच्या हस्ते पोथ्या ताडण्याच्या कामाचा आरंभ झाला. आता ह्या पहिल्या पैशातून काय केले, ते नीट पाहिले पाहिजे. पोथ्या कोठे कोठे आहेत ह्याचा शोध घेतला, त्या आणविल्या, पाठभेद टिपून घेण्याची पद्धत बसविली, आणि १९२३ साली उटगीकरांनी संपादिलेली विराटपर्वाची एक तात्पुरती आवृत्ती छापून ती विद्वानांकडे मतासाठी पाठविली. ‘तात्पुरती’ हा शब्द ग्रंथावरच घातला होता. आमचे काम असे चालले आहे, ह्यात उणे काय ते सांगा, असे जाहीर विचारण्याचे धैर्य त्यात होते. टीका झाली, सूचना आल्या, आणखी निरनिराळ्या प्रांतांच्या पोथ्या ताडल्या पाहिजेत हे ध्यानी आले.

ऑगस्ट १९२५ मध्ये डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर प्रमुख संपादक झाले. ते बर्लिनला ल्यूडर्स ह्यांच्याच हाताखाली शिकलेले होते, हा योग लक्षात घेण्यासारखा आहे. त्यांनी सगळी व्यवस्था नव्याने लाविली. शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतील पोथ्या एकत्र आणून एकट्या आदिपर्वासाठी सुमारे ६० पोथ्यांचा उपयोग केला. १९२७ साली त्या पर्वाचा पहिला भाग बाहेर पडला आणि १९३३ मध्ये ते पर्व पुरे झाले. हे छापील काम हाती असल्यामुळे संस्थेला निरनिराळ्या दारी जाता आले. मुंबई सरकार, मुंबई विद्यापीठ, बडोदे, म्हैसूर अशांकडून साहाय्य मिळाले. हैदराबादच्या निजामांनी ह्या कार्यासाठी दरसाल १००० रुपये दिले आणि संस्थेच्या अतिथिगृहासाठी ५० हजार रुपयांची निराळी देणगी दिली. काम संपावयास १९६६ साल उजाडले. ४७ वर्षे, १२५९ पोथ्या आणि १९ खंड असा तो पसारा आहे. सुखठणकर १९४३ सालीच निवर्तले, पुढे डॉ. बेलवलकर आणि डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य ह्यांनी धुरा वाहिली. औंधच्या लाख रुपयांत हे सर्व पुरे होणे शक्यच नव्हते, आणि त्या रकमेचे मोल तिने सारा खर्च भागविण्यात नव्हतेही. परक्या माणसाने विश्वास ठेवावा असा पुरावा तिने निर्माण केला, हे तिचे खरे मोल.

येथे कोणी विचारील, ज्याच्यापाशी मिठागर नाही आणि ज्याच्यामागे संस्थानिक नाही, त्याने काय करावे? हा प्रश्न अगदी रास्त आहे. संस्थाने गेली; आणि स्वतःच्या मिळकतीवर पोथ्या जमविणारे गृहस्थ प्रत्येक गावी असणार नाहीत. बुद्धी आहे पण बीज नाही, म्हणून जे संशोधन आरंभापूर्वीच खुंटते, त्याची नोंदही कोठे राहत नाही. म्हणूनच ही जबाबदारी आता शिक्षणसंस्थांवर येते. महाविद्यालयांचे मूल्यमापन करणाऱ्या नॅक परिषदेने, संस्था आपल्या अध्यापकांस बीजनिधी देते काय, अशी विचारणा आपल्या निकषांत केलेली आहे. मोठ्या अनुदानांसाठी २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन ही नवी राष्ट्रीय संस्था निर्माण झाली आहे. शेत आहे, राब आपण भाजावयाचा आहे.

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथे आज महाविद्यालयांची वाण नाही, आणि विषयांचीही नाही. ठाण्याच्या खाडीला २०२२ साली रामसर क्षेत्राचा आंतरराष्ट्रीय मान मिळाला. अंबरनाथचे शिवालय १०६० सालच्या शिलालेखाने प्रसिद्ध आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासूनचे आहे. समजा, एखाद्या अध्यापिकेला खाडीच्या पाण्याचा अभ्यास करावयाचा आहे आणि महाविद्यालयाने तिला थोडी रक्कम दिली. तिने त्या पैशातून कपाटे व खुर्च्या घेतल्या, तर वर्षअखेर दाखविण्यास कपाटे व खुर्च्याच उरतील. उलट तिने पूर्वी झालेल्या कामाची यादी केली, आवश्यक त्या परवानग्या मिळविल्या, चार ठिकाणचे पाणी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर एकाच रीतीने तपासले, आकडे जाणत्यांपुढे ठेवून चुका काढून घेतल्या आणि पैचा हिशेब लिहून ठेविला, तर मोठ्या अनुदानाच्या अर्जात लिहिण्यासारखे तिच्यापाशी पुष्कळ असेल. अर्ज एकदा नामंजूर झाला तरी ते आकडे वाया जात नाहीत. पुढच्या अर्जाला ते कामास येतात.

संस्थाचालकांनीही दोन गोष्टी सांभाळाव्यात. रक्कम लहान असली तरी ती वेळेवर हाती पडावी. खाडीचे पाणी मंजुरीच्या कागदासाठी थांबत नाही, आणि घरोघरच्या जुन्या पोथ्यांना लागलेली वाळवीही थांबत नाही. दुसरे असे की, बीजातून निष्पन्न झाले ते विराटपर्वाच्या त्या आवृत्तीप्रमाणे चारचौघांपुढे ठेवण्याचा दंडक असावा. दात्यांकडे जाण्यापूर्वी टीकाकारांकडे जाऊन आलेल्या कामाला मागणीचे शब्द फारसे सजवावे लागत नाहीत.