चिन्ह उलटं का होतं?

बीजगणिताच्या तासाला आपण सगळ्यांनीच घोकलेला एक नियम: असमानतेच्या दोन्ही बाजूंना उणे संख्येने गुणलं की चिन्ह उलटं करायचं. का, ते विचारायचं नाही! गंमत म्हणजे ज्या पुस्तकात ही > आणि < चिन्हं पहिल्यांदा छापली गेली, त्यातून उणे उत्तरंच गाळलेली होती.

इथे लंडनच्या पश्चिमेला थेम्सकाठी सायन हाऊस आहे (आपल्या शीवशी संबंध नाही, उच्चार तेवढा सारखा). तिथे थॉमस हॅरियट राहायचा. भलताच माणूस. १५८५ साली अमेरिकेला जाऊन आलेला. १६०९च्या जुलैत, गॅलिलिओच्या काही महिने आधी, दुर्बिणीतून पाहून चंद्राचं चित्र काढलेला. पण छापायचा आळस इतका की हयातीत गणितावरचं एकही पुस्तक काढलं नाही. तो १६२१ मध्ये वारला. दहा वर्षांनी, १६३१ साली, मुख्यतः त्याचा मित्र वॉल्टर वॉर्नर याने त्याच्या कागदांतून 'आर्टिस अ‍ॅनॅलिटिके प्रॅक्सिस' हे लॅटिन पुस्तक तयार केलं. हस्तलिखितांत हॅरियटने समीकरणांची ऋण उत्तरं बिनदिक्कत मांडली आहेत, काल्पनिकसुद्धा. छापील पुस्तकात उरली फक्त धन. मला हा संपादकांचा भित्रेपणा वाटतो.

अर्थात भीती एकट्या त्यांची नव्हती. त्याच शतकात फ्रान्समध्ये आंत्वान आर्नोने विचारलं: १ला -१ने भागा किंवा -१ला १ने, उत्तर एकच. म्हणजे मोठ्याचं लहानाशी जे प्रमाण, तेच लहानाचं मोठ्याशी? हे कसं शक्य आहे? लायब्निट्झनेही १७१२ साली या शंकेत तथ्य असल्याचं मान्य केलं.

खरं तर पक्षांतर केलं की नियम आपोआप दिसतो. ५ > २ घ्या. ५ उजवीकडे न्या, २ डावीकडे आणा: -२ > -५. गुणाकार केलाच नाही, फक्त जागा बदलल्या.

आणि आपल्याकडे तर ६२८ सालीच ब्रह्मगुप्ताने धन आणि ऋण यांचे नियम लिहून ठेवले होते. ऋण म्हणजे कर्ज. दोन रुपयांपेक्षा पाच रुपयांचं कर्ज मोठं, पण ज्याच्या डोक्यावर पाचाचं, त्याची शिल्लक कमी. वाण्याच्या वहीत हे चिन्ह रोज उलटं होत असणार.